पहार पुढे, पाय मागे

बाळा, प्लिमथला घर घेतलंस आणि पहिल्याच हिवाळ्यात मेडिसिन लेकवरचे तंबू बघून "मावशी, मलाही गरवायला ने" म्हणालास. नेते की. रेवदंड्याच्या पोराला पाण्यापासून लांब ठेवून कुणाचं भलं झालंय? पण आधी हे वाच, आणि तुझ्या सवयीप्रमाणे पहिल्या चार ओळी वाचून "कळलं" म्हणू नकोस.

इथे होडी नाही, भरती-ओहोटी नाही. पायाखाली बर्फ, त्याखाली पाणी आणि त्या पाण्यात ब्लूगिल, पम्पकिनसीड, क्रॅपी, पर्च अशी तळहाताएवढी मासळी. सगळ्यांना मिळून पॅनफिश म्हणतात, आणि ब्लूगिल-पम्पकिनसीडला मिनेसोटाची माणसं लाडाने सनी म्हणतात. मासा लहान, त्याची शिस्त मोठी. आधी बर्फाचं सांगते, कारण ते चुकलं तर बाकीचं सांगून उपयोग नाही.

१. आपलं पंचांग इथे थोडंफार लागू पडतं: दत्तजयंतीच्या सुमारास तलाव धरू लागतो, संक्रांतीला बर्फ पक्का असतो, होळीच्या आसपास कडा सुटू लागतात. पण पंचांग बघून पाऊल टाकू नकोस – एखाद्या डिसेंबरात पाऊस पडतो आणि सगळा हिशेब पुसला जातो.

२. चार इंच नवा, स्वच्छ, टणक बर्फ असल्याशिवाय तलावावर पाय ठेवायचा नाही – पायी माणसासाठी राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याचा, म्हणजे डीएनआरचा, आकडा हाच आहे. स्नोमोबाइलला ५ ते ७ इंच लागतात. तुझी गाडी मात्र पार्किंगातच बरी.

३. काळसर, आरपार दिसणारा बर्फ भरवशाचा. दुधी दिसला की जाडी दुप्पट हवी – त्यात हवेचे बुडबुडे आणि भिजून गोठलेलं हिम असतं, त्यामुळे ताकद निम्मीच.

४. हातात पहार घे आणि पुढे जोराने आपटत चाल. 'टण्ण' वाजलं तर पुढे. पहार रुतली किंवा पाणी वर आलं तर तिथेच थांब आणि आपल्याच पावलांच्या खुणांवरून मागे ये – ज्या बर्फाने येताना पेललं, त्याचीच तुला खात्री आहे. पहार पुढे, पाय मागे. एवढं एक पाठ केलंस तरी माझा अर्धा जीव भांड्यात पडेल.

५. दर दीडशे फुटांवर गिरमिटाने भोक पाडून जाडी मोज – एकाच तलावात इथे आठ इंच आणि हाकेच्या अंतरावर तीन इंच असू शकतो. मोजपट्टी भोकात सोडून खालच्या कडेला अडकवायची, नजरेने अंदाज करायचा नाही.

६. ओढा येऊन मिळतो ती जागा, पूल, चिंचोळं पाणी, लव्हाळ्याची कड आणि धक्क्याभोवती हवा सोडणारी यंत्रं, यांपासून लांब राहा – हलतं पाणी बर्फ जाड होऊ देत नाही. मिनेटोन्कावर गेलास तर विशेष सांभाळ, तो तलाव म्हणजे कालव्यांनी आणि पुलांखालच्या पाण्याने जोडलेले कितीतरी उपसागर.

७. हिम पडून गेल्यावर दुप्पट सावध – हिमामुळे थंडी खाली पोचत नाही, बर्फ वाढायचा थांबतो, आणि भेगा, जुनी भोकं सगळं झाकलं जातं.

८. बर्फ कण्हेल, घुमेल, पायाखालून लांबवर आवाज जाईल. पहिल्यांदा काळजात धस्स होतं. थांब, पहार मार, मोज आणि चार इंच टणक असेल तर बस – तापमान बदललं की बर्फ आकसतो, पसरतो, आणि चांगला जाड बर्फही बोलतो. बोलक्या बर्फाला भिऊ नये, मऊ बर्फाला भ्यावं.

९. मार्चमधला बर्फ दहा इंच भरला तरी त्याला डिसेंबरचे चार इंच समजू नकोस – उन्हाने तो आतून उभ्या काड्यांमध्ये सुटतो, मोजपट्टी ते सांगत नाही, पहार सांगते.

आता जे कधी होऊ नये त्याचं. अभद्र नको म्हणून हे टाळणारी माणसं आहेत, मी त्यातली नाही. माहीत असलेलं संकट निम्मं होतं.

१०. दोरीने जोडलेले टोचे गळ्यात, जॅकेटच्या वर घाल – ओल्या बर्फावर नुसती बोटं धरत नाहीत. पिशवीतले टोचे म्हणजे घरी राहिलेले टोचे.

११. लाइफ जॅकेट घाल, बर्फ नवा किंवा उतरतीचा असेल तर नक्कीच – गार पाण्याचा पहिला धक्का दम काढून घेतो, तेव्हा तोंड पाण्यावर राहिलं की निम्मी लढाई झाली.

१२. एक-दहा-एक लक्षात ठेव: एक मिनिट श्वास सावरायला, दहा मिनिटं हातपाय कामाचे, एक तास शुद्ध. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे डॉ. गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी आयुष्यभर थंड पाण्यातल्या माणसाचा अभ्यास केला, त्यांनी लोकांच्या मनावर बिंबवलेला हा हिशेब – माणूस दोन मिनिटांत गोठून मरतो असं वाटून जो धडपडतो, तो पहिल्याच मिनिटात पाणी गिळतो.

१३. पडलासच तर आधी श्वास. मग आलास त्या दिशेला तोंड कर, हात बर्फावर पसर, टोचे रोव, पाय मागे आडवे करून जोरात मार आणि पोटावर सरपटत वर ये. वर आल्यावर उभा राहू नकोस, लोळत लांब जा – उभ्या माणसाचं सगळं वजन दोन पावलांवर येतं, आडव्या माणसाचं अंगभर पसरतं.

१४. दुसरा कुणी पडला तर त्याच्याकडे धावायचं नाही. ९११ ला फोन, मग लांबून दोरी, फांदी, शिडी, जे हाताशी असेल ते – एकाच्या भोकात दोघे गेले तर काठावर ओढायला कुणी उरत नाही.

१५. एकट्याने जायचं नाही, आणि कुठल्या बाजूने उतरलास, किती वाजता परतणार, हे सुनबाईला सांगून निघायचं. फोन आतल्या खिशात – बाहेरच्या थंडीत भरलेली बॅटरीही बघता बघता मान टाकते.

कपड्यांचं थोडक्यात, कारण दुकानदार तुला नाही तरी तासभर सांगेल.

१६. अंगाला लागून सुती कपडा नको, लोकर किंवा सिंथेटिक घाल – सुती कापड घाम धरून ठेवतं, आणि ओलं अंग बसल्या जागी गारठतं. मोज्यांची एक कोरडी जोडी जास्तीची घे. तुझ्या पायांची मला लहानपणापासून माहिती आहे.

१७. बुटांना खिळ्यांचे पट्टे लाव – या खेळात पाण्यात पडणाऱ्यांपेक्षा घसरून मनगट मोडणारे जास्त भेटतात.

१८. तंबूत गॅसची शेगडी लावलीस तर खालची आणि वरची झडप उघडी ठेव आणि कार्बन मोनॉक्साइडचं बॅटरीवर चालणारं यंत्र टांग – त्या वायूला वास नाही, रंग नाही. डोकं दुखलं, मळमळलं तर थंडीचं म्हणू नकोस, आधी बाहेर ये. ऊब घ्यायची तर फट ठेवायची.

१९. बाटली परतल्यावर, घरी. दारूने ऊब वाटते – वाटतेच फक्त, प्रत्यक्षात अंगातली उष्णता कातडीकडे येऊन निघून जाते. थर्मासमधला आल्याचा चहा आणि डब्यातला तिळगूळ पुरे.

चला, आता मासा. पाणी ४ अंश सेल्सिअसला सगळ्यात जड असतं, म्हणून हिवाळ्यात तळाशी तेवढं ऊबदार पाणी आणि वर बर्फ अशी उलटी मांडणी होते. मासा जिवंत असतो, फक्त मंद असतो. त्याचा हा मंदपणा समजला की गरवणं समजलं.

२०. डिसेंबरात उथळ उपसागरात, सहा ते बारा फुटांवर, हिरवी पाणवनस्पती शोध – हिरवी आहे तोवर ती प्राणवायू देते, तिच्यात किडे असतात आणि किड्यांमागे सनी असते. करपलेली तपकिरी दिसली तर पुढे चल.

२१. जानेवारीत तीच जागा रिकामी मिळेल, रुसू नकोस. खोल भागाकडे सरक – हिमाने उजेड अडतो, वनस्पती कुजते, प्राणवायू कमी होतो, म्हणून मासा खोलात जातो. फार उथळ तलावांत तर अशा हिवाळ्यात मासळीच्या मासळी गुदमरून मरते.

२२. दहा-पंधरा मिनिटं गळ हलला नाही तर जागा सोड. मिनेसोटाच्या डेव्ह गेन्झ यांनी १९८० च्या दशकापासून हेच शिकवलं: ओढून नेता येईल असा तंबू, भराभर भोकं आणि फिरत राहणं – थंड पाण्यातला मासा तुझ्याकडे येत नाही, तुलाच त्याच्या डोक्यावर जावं लागतं.

२३. मात्र भोकं सगळी आधीच पाडून ठेव, मग शांतपणे एकेकात गळ सोड – उथळ पाण्यात गिरमिटाचा खडखडाट मासळीला पांगवतो, थोडा वेळ गेला की ती परत येते.

२४. सनी दिवसा, क्रॅपी तिन्हीसांजेला. सूर्य झाडांच्या मागे गेला की लोक आवरायला लागतात, तू अर्धा तास थांब – क्रॅपीचे डोळे मोठे असतात, कमी उजेडात ती चरायला निघते.

२५. क्रॅपीसाठी गळ तिच्या वर ठेव, खाली कधीच नको – ती तळापासून बरीच वर तरंगत असते आणि वर बघत खाते. खाली गेलेलं आमिष तिच्या लेखी नाहीच.

२६. काठी दोन-अडीच फुटांची, मऊ टोकाची. तंगूस २ ते ४ पौंडांचा, त्याहून जाड नको – काचेसारख्या स्वच्छ पाण्यात जाड तंगूस दिसतो, आणि थंडीत त्याची वेटोळी सरळ होत नाहीत. बसायच्या आधी हातभर हातभर ताणून घे.

२७. गळ टंगस्टनचा घे, शिशाचा नको. टंगस्टन शिशाहून जड, म्हणून बारीक गळही झटकन तळाला जातो – आणि शिसं गिळून लून मरतात. लून हा या राज्याचा पक्षी, त्याची हाक उन्हाळ्यात ऐकशील तेव्हा दोन पैसे जास्त दिल्याचं वाईट वाटणार नाही.

२८. मेणकिड्यांची डबी आतल्या खिशात ठेव. एकच अळी, टोकाशी हलकेच टोचून लाव – गोठलेली किंवा फुटून लोंबणारी अळी सनी नुसती हुंगते.

२९. गाठ सरकून गळ तिरका लटकायला लागला की बोटाने गाठ मध्ये आण – पाण्यात आडवा राहणारा गळ किड्यासारखा वाटतो, उभा लोंबणारा खोटा वाटतो. दर माशानंतर बघायचं.

३०. आता सगळ्यात नाजूक गोष्ट. काठीच्या टोकाला बारीक तारेचं बॉबर असतं; गळाच्या वजनाने ते किंचित वाकलेलं राहतं. मासा खाली ओढेल अशी वाट बघत बसशील तर निम्मे मासे जातील. खूप वेळा ते टोक वर येतं, केसभर – खालून आलेल्या माशाने गळ तोंडात घेऊन वर उचललेला असतो, तारेवरचं वजन गेलेलं असतं. टोक वर उठलं की मनगट हलकंच वर.

३१. हिसका मात्र देऊ नकोस – क्रॅपीचा ओठ इतका पातळ की फाटून मासा जातो आणि जखमी होऊन जातो.

३२. भोकात गोठणारा चुरा झाऱ्याने सारखा काढत राहा – तंगूस त्यात अडकला की माशाचा स्पर्श वरपर्यंत पोचत नाही.

३३. सनी हातात धरताना डोक्याकडून शेपटीकडे हात फिरव, पाठीचा पर दाबत – उलट धरलंस तर काटे तळव्यात शिरतात. त्याआधी हातमोजे काढ, हात पाण्यात बुडव.

पुढचं मी सगळ्यात जास्त मनापासून सांगतेय. बर्फाने माणूस जातो, पण हावेने तलाव जातो, आणि गेलेला तलाव भरून यायला तुझं वय निघून जाईल.

३४. मोठी सनी परत सोड. जून उजाडला, पाणी तापलं की मोठे नर तळाशी घरटी करतात, अंडी पडल्यावर पंख्याने वारा घातल्यागत शेपटीने पाणी हलवत राहतात, आणि चोरायला आलेल्या प्रत्येकाला हाकलतात. आठ-नऊ इंची नर आपण हौसेने उचलून नेले की राखणदार जातात – आणि मग लहान नर वाढायचं सोडून लवकर वयात येतात, अख्ख्या तलावात नुसती बोटभर मासळी उरते. लोक म्हणतात तलावाला काहीतरी झालं. तलावाला काही होत नाही, आपण त्याची मोठी माणसं नेलेली असतात.

३५. सहा-सात इंची ठेव, तीही घरात खाणारी तोंडं मोजून. मोठा पाहावा, मधला खावा.

३६. ठेवायचा की सोडायचा हे भोकाशीच, गळ काढता काढता ठरव – उणे तापमानात बर्फावर टाकलेल्या माशाचे डोळे आणि कल्ले लगेच गोठतात, मग सोडून उपयोग नाही. फोटो हवा तर कॅमेरा आधी तयार ठेव.

३७. तीस फुटांहून खोल पाण्यातून क्रॅपी ओढत असशील तर पुरेशी झाली की थांब – एवढ्या खोलातून वर आल्यावर तिच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, सोडलेली मासळीही बहुधा जगत नाही. तिथे 'पकडून सोडतो' हे पुण्य नाही.

३८. परवाना १६ वर्षं पूर्ण झाली की लागतो आणि त्याचं वर्ष १ मार्चपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत असतं – जानेवारीत काढलेला मार्चमध्ये चालेल असं समजून गेलास तर दंड. राज्यात लागोपाठ ६० दिवस राहिलं की रहिवाशाच्या स्वस्त दराने मिळतो.

३९. हिवाळ्यात माणशी दोन काठ्या चालतात. सध्या राज्यभर रोज सनी २० आणि क्रॅपी १० अशी मर्यादा आहे, पण कितीतरी तलावांवर ती ५ किंवा १० वर आणली आहे – म्हणून उतरण्याच्या जागेवरचा फलक दर वेळी वाच, मागच्या वर्षीचं आठवून चालायचं नाही.

४०. उरलेली जिवंत आमिषमासळी तलावात सोडू नकोस, बादलीतलं पाणी दुसऱ्या तलावाकडे नेऊ नकोस – तण, शिंपले आणि रोग असेच एका तलावातून दुसऱ्यात जातात. मेडिसिन लेकमध्ये परकी पाणवनस्पती आधीच मुबलक आहे.

४१. सिगारेटचं थोटूक, तंगूसाचा तुकडा, चहाचा कप, सगळं परत – बर्फावर टाकलेलं एप्रिलमध्ये पाण्यात असतं. आणि निघताना भोकाजवळ बर्फाचा ढीग किंवा फांदी उभी कर, मागून येणाऱ्या पोराचा पाय जायला नको.

४२. दुसऱ्याच्या तंबूला खेटून भोक पाडू नकोस, आधी हात कर, मग विचार, "किती फुटांवर लागतायत?" – इथली माणसं गप्प दिसतात, पण विचारलं की खोली, आमिष, सगळं सांगतात. सेंट पॉलकडची ह्मॉंग आजोबामंडळी भेटली तर जवळ बसायची परवानगी माग. लाओसच्या डोंगरांतून आलेली ही माणसं या बारीक मासळीची कदर जाणतात, आणि त्यांच्या हातातलं काठीचं टोक बघत बसणं हीच एक शिकवणी आहे.

राहिलं स्वयंपाकघर. यात तुला माझ्याशी वाद घालता येणार नाही.

४३. खवले काढ, डोकं-पोट काढ, पोटातली काळी पातळ त्वचा बोटाने घासून धू – गोड्या पाण्याच्या माशाचा जो वास तुझ्या आईला चालत नाही, तो बराचसा तिथेच असतो. साफसफाई घरी, तलावावर कापत बसलास तर मासे किती आणि कोणते, हे तपासनिसाला दाखवता येत नाही.

४४. मीठ, हळद आणि कोकमाचं आगळ लावून वीस मिनिटं, मग तिखट, आलं-लसूण, आणि तांदळाच्या पिठात मिसळलेला बारीक रवा. तवा चांगला तापू दे आणि एकेका बाजूला दोन-तीन मिनिटांहून जास्त नको – सनीचं मांस पातळ, जरा जास्त झालं की कोरडं पडतं.

४५. वॉलाय किंवा नॉर्दर्न पाइक अशा मोठ्या माशांपेक्षा पॅनफिशमध्ये पारा कमी असतो, पण ट्विन सिटीजच्या पूर्वेकडच्या काही तलावांत पीफास ही रसायनं सापडली आहेत – म्हणून कुठल्या तलावाचा मासा आठवड्यात किती वेळा खावा, हे राज्याच्या आरोग्य खात्याच्या यादीत बघून घे, घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर नक्कीच.

शनिवारी दुपारी दोनला मेडिसिन लेकवरच्या फ्रेंच पार्कच्या होडी उतरवायच्या जागेवर ये. परवाना, टोचे, मोज्यांची जास्तीची जोडी. पहार आणि गिरमिट मी आणते. बर्फ आधी मी मोजेन, मग तू उतरायचंस, आणि चार इंच भरला नाही तर दोघं गाडीत बसून तिळगूळ खाऊ आणि पुढच्या शनिवारचं ठरवू.